दिवेवालीचं नवं वाक्य

१

गोळ्या सापडल्या त्या एका रिकाम्या डबीत.

डबी व्हिडिओ गेमच्या डिस्कची होती. लेक दुकानाच्या मांडणीवरची धूळ झटकत होती आणि हातातली डबी खुळखुळली. गेमच्या दुकानात मांडणीवरच्या डब्या नुसत्या दाखवायच्या असतात. डिस्क गल्ल्यामागच्या खणात. रिकामी डबी वाजायचं काही कारण नव्हतं. तिनं ती उघडली. डिस्क जिथं बसते त्या गोल खळग्यात, कडेकडेनं, बाबांच्या हृदयाच्या पांढऱ्या गोळ्या मांडून ठेवल्या होत्या. एकीला एक लागून. कुणी सावकाशीनं, बोटाच्या टोकानं बसवल्यासारख्या.

तिनं शेजारची डबी उघडली. तिच्यातही तेच.

बाबा गल्ल्याशी बसून मऊ फडक्यानं एक डिस्क पुसत होते. मधून कडेकडे, मधून कडेकडे, कधीही गोल नाही.

"बाबा, हे काय आहे?"

"गोळ्या."

"ते दिसतंय मला. पोटात जायच्या त्या इथं कशा?"

"मला आता लागत नाहीत गं." बाबांचा हात थांबला नाही. गिऱ्हाइकाला सुटे परत करताना असायचा तसाच साधा आवाज. "तुझी आई बोलावतेय. महिनाअखेरीपर्यंत ये म्हणालीय."

आईला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

लेक जिन्यात जाऊन बसली आणि तिनं फोन लावला तो आईच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला. ही मैत्रीण जन्मभर एका विमा कंपनीत मेलेल्या माणसांच्या दाव्यांची चौकशी करत आली होती. समोरचा कितीही रडून सांगो, ती सगळं ऐकून घ्यायची, रुमाल द्यायची, आणि म्हणायची, "पण..." त्यावरून ऑफिसात तिचं नाव पडलं पणबाई, आणि ते घरीदारी सगळीकडे झालं. लेक मात्र तिला मावशी म्हणे.

"मावशी, बाबांनी गोळ्या सोडल्यात. कधीपासून कोण जाणे. मंगळवारी संध्याकाळी ते खेळलेसुद्धा नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रजा टाकली आणि आले. बघते तर हे."

"डॉक्टरला बोलावलंस?"

"बोलावलं. बाबांनी त्याला चहा पाजला, गप्पा मारल्या, गोळी त्याच्यासमोर तोंडात टाकली आणि तो गेल्यावर थुंकली. म्हणतात, आई सांगतेय. डिस्कमधून."



"डिस्कमधली दिवेवाली म्हणतेस? तो आवाज आपल्या बयेचाच, तुझ्या आईचाच आहे की. ती असतानाच केलेला. त्यात नवल काय?"

"अगं मावशी," लेकीचा आवाज एकदम बारीक झाला, "ती नवं बोलायला लागलीय."

२

दुकान घराच्या पोटाशी होतं. वर राहायचं, खाली विकायचं. रस्त्याकडची काच पश्चिमेला. ऊन आधी चित्रांतला लाल रंग खातं, मग पिवळा, आणि निळा शेवटपर्यंत तग धरतो. त्यामुळे मांडणीवरच्या डब्यांवरचे सगळे वीर, राक्षस, फुटबॉलवाले, राजकन्या निळ्या पडल्या होत्या. पाण्याखालून वर काढून ओळीनं उभं केल्यासारख्या. पणबाई आत आली तेव्हा दारावरची घंटी वाजली आणि तिला वाटलं, सगळ्यांनी आपल्याकडे बघितलं.

"या, पणबाई," दुकानदार उठून उभे राहिले. "तुम्हालाही बोलावलं वाटतं हिनं. मला वेड लागलंय का ते तपासायला?"

"ते नंतर बघू, भावोजी. आधी बसायला काहीतरी द्या. गुडघे वेड्यांसाठी थांबत नाहीत."

ते हसले. बारीक झाले होते, पण दाढी नीट केलेली, सदरा इस्त्रीचा. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी माणूस असा दिसतो.

पणबाईनं प्रश्न सुरू केले नाहीत. नुसती बघत राहिली. मग तेच बोलू लागले.

"पूर्वी नवा गेम यायचा तेव्हा ही रांग त्या कोपऱ्यापर्यंत जायची. आता लोक घरबसल्या उतरवून घेतात. पैसे भरले की यंत्रात आपोआप येतो. हातात काही नाही, कपाटात काही नाही. कंपनीनं मनात आणलं तर उद्या काढूनही घेईल. मी गिऱ्हाइकांना हेच सांगायचो. ते हसायचे. मग ते यायचेच बंद झाले."

"आणि तुमचं यंत्र?"

"त्याला नेट लागलेलं नाही आणि लागणार नाही. सगळ्यांना बजावून ठेवलंय, त्याला नेट जोडलं त्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावीन. माझ्याकडे जे आहे ते डिस्कवर. आणि डिस्क म्हणजे काय, सांगा पाहू?"

"तुम्हीच सांगा."

"छापलेली वस्तू. पुस्तकासारखी. एकदा साच्यातून निघाली की तिच्यात काना घालता येत नाही की मात्रा. पुस्तक कधी आपल्या मनानं नवं पान काढतं?"

"नाही."

"मग ही डिस्क नवं वाक्य कुठून बोलते?" त्यांचे डोळे चमकले. "डिस्क बदलत नाही. वाक्य तर बदललं. मग बदललं कोण? बोलणारी! साधी वजाबाकी आहे, पणबाई."

 आयुष्यभर पणबाईनं खोटे दावे फोडले होते, पण इतका सरळ, इतका स्वच्छ युक्तिवाद कुणी मांडला नव्हता. त्यात भोक कुठं आहे ते तिला दिसेना.

"कधीपासून बोलतेय?"

"ही मागच्या खेपेला येऊन गेली ना, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळपासून." त्यांनी लेकीकडे मायेनं पाहिलं. "लेक घरी येऊन गेली, तिलाही घर आठवलं असेल."

लेक खाली बघत राहिली.

दिवेलागण झाली. त्यांनी खणातून डिस्क काढली, फुंकर मारली, यंत्रात सरकवली. पडद्यावर एक रान उगवलं. काळं, ओलं, झाडांना पानांऐवजी जणू कुजबुज लागलेली. एका वाटसरूनं ते रान ओलांडायचं, एवढाच खेळ. आणि वाटसरूच्या पुढं एक बाई, हातात पलिता, दिवे लावत चाललेली. चेहरा कधी दिसत नाही. फक्त पाठ आणि आवाज.

*दिवा लाविते वाटेला, वाट सरेना सरेना*
*चालणाऱ्याच्या पाठीशी माझा उजेड मरेना*

पणबाईनं तो लगेच ओळखला. शाळेच्या बाकावर शेजारी बसून ऐकलेला आवाज. शब्दाच्या शेवटी किंचित दमलेला, हसू दाबल्यासारखा.

"आलास? पाय दुखले का रे?" दिवेवालीनं विचारलं.

"नाही गं," दुकानदार हळूच म्हणाले.

"अजून थोडं. माझ्या मागं मागं ये."

"आलोच."

असंच चाललं. तिचा एक दिवा, यांचं एक उत्तर. सगळी वाक्यं त्यांना पाठ होती. तिच्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. मग एका पडक्या पुलाशी ती थांबली, आणि त्यांचे ओठ थांबले.

"इथलं आता आवरत आलंय," दिवेवाली म्हणाली. "हातातलं सोड. पलीकडे ये आणि नव्यानं जग. मी तिथंच वाट पाहतेय. महिनाअखेरीपर्यंत ये."

 तो तिचाच आवाज होता, यात पणबाईला शंका नव्हती. तरी तिच्या कानात बारीक खडा रुतल्यासारखं झालं. भाताच्या घासात लागावा तसा. लागतो, आणि काढायला जावं तर जिभेला सापडत नाही.

लेकीनं तिच्या दंडाला धरलं. 

"मावशी," ती कुजबुजली, "उद्या महिन्याचा शेवटचा दिवस."

३

सकाळी पणबाई पुन्हा आली तेव्हा दुकानदारांचा धाकटा भाऊ, लेकीचा काका, फीत घेऊन दुकानाच्या भिंती मोजत होता. तिला पाहताच फीत सुर्रकन आत गेली.

"जागा व्यायामशाळेला द्यायची म्हणे," पणबाई म्हणाली.

"द्यायचीच आहे. इथं बसून दादा काय विकतो? धूळ? तीसुद्धा कुणी घेत नाही." काका तावातावानं बोलू लागला. "तुम्हाला काय म्हणायचंय ते कळतं मला. म्हातारा गेला की जागा माझी. म्हणून मी डिस्क बदलून ठेवली आणि दादाला मारतोय, असंच ना?"

"म्हणायचं काही नाहीये. विचारायचंय. बदललीत का?"

"या इकडे." त्यानं खणातून डिस्क काढली आणि काचेशी नेऊन उजेडात तिरपी धरली. आतल्या पारदर्शक कड्यावर सुईनं कोरलेली इवलीशी ज्योत होती. "वहिनीनं स्वतः कोरलीय, पहिली डिस्क घरात आली त्या दिवशी. दादा रोज लावायच्या आधी ही बघतो. दुसरी डिस्क त्याच्या हाताला लागली तरी कळेल."

पणबाईनं चष्मा वर करून डोळ्याशी नेऊन पाहिलं. ज्योतीचं टोक डावीकडे झुकलेलं. मैत्रीण डावखुरी होती. डिस्क तीच.

"बरं, वर नेट आहे का घरात?"

"आहे. माझ्या कामासाठी मी घेतलंय. पासवर्ड मला माहीत, आणि ही येते तेव्हा तिला ऑफिसचं काम असतं म्हणून तिला. पण त्या यंत्राला हात? दादानं बोटं छाटली असती माझी. आणि खरं सांगू का..." काकाचा आवाज उतरला. मोजायची फीत तो उगाच हातात फिरवत राहिला. "दिवेलागणीनंतर मी खाली उतरतच नाही. वहिनी मला धाकटे म्हणायची. 'धाकटे, जेवलात का?' परवा जिन्यात होतो आणि तिचा तो नवा बोल कानावर आला. पलीकडे ये. चपला तिथंच टाकून वर पळालो मी. बायको अजून हसतेय."

तो हसला नाही. पणबाईही हसली नाही. खोटं बोलणारा माणूस स्वतःला शूर दाखवतो, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं.

ती रस्त्यावर येऊन उभी राहिली. डिस्क तीच. हात लावणारे हात मोजके. मग उरतं काय? दुकानदारांची वजाबाकी तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा तेच उत्तर देत होती.

ती पुटपुटू लागली, जपमाळ ओढावी तशी. "इथलं आता आवरत आलंय. हातातलं सोड. पलीकडे ये आणि नव्यानं जग." पुन्हा. "नव्यानं जग." पुन्हा. शेजारून जाणाऱ्या एका बाईनं तिच्याकडे वळून पाहिलं.

आणि जिभेला खडा सापडला.

पणबाई भर रस्त्यात थिजली. हे वाक्य मैत्रिणीनं म्हटलेलं नव्हतं. जिवंतपणी नाही, मेल्यावरही नाही. ते कुणाच्याच तोंडातून आलेलं नव्हतं.

४

ध्वनिमुद्रणाची खोली तळघरात होती. भिंतींना काळ्या फोमच्या उंचसखल पट्ट्या, दार बंद झालं की आवाज तिथल्या तिथं मरायचा. बोललेला शब्द ओठांपासून हातभर गेला की कुणी तोंडावर उशी ठेवल्यासारखा संपायचा. पणबाईला स्वतःचं रक्त कानात वाहताना ऐकू आलं.

दिवेवालीचा आवाज याच खोलीत ध्वनिमुद्रित झाला होता. ध्वनिमुद्रण करणारा माणूस तेव्हा दुकानाचं गिऱ्हाईक होता. गल्ल्याशी बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारणाऱ्या बाईचा आवाज त्यानं ऐकला आणि तिला इथं घेऊन आला.

"काकू गेल्याचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं," तो म्हणाला. त्याचे हात मात्र टेबलावरच्या तारा उगाच सरळ करत होते.

"मला एक शब्द म्हणून दाखवा. 'नव्यानं जग.' आयुष्य नव्यानं जग, अशा अर्थानं."

"नव्यानं जग," तो म्हणाला.

"बरोबर म्हणालात. आता 'सारं जग' म्हणा. दुनिया, या अर्थानं."

"सारं जग."

"ऐकलंत? लिहायला एकच, बोलायला दोन. दुनियेतला ज जन्मातला ज आहे. आणि जगण्यातला ज जखमेतला. आपल्यापैकी कुणी चुकत नाही त्यात, शेंबडं पोरसुद्धा नाही. माझी मैत्रीण तर मुळीच चुकली नसती, तिचं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं. पण कालची दिवेवाली म्हणाली, पलीकडे ये आणि नव्यानं, दुनिया." पणबाई पुढं झुकली. "ही चूक माणसाची नाही. ज्याला अक्षर दिसतं आणि अर्थ दिसत नाही, त्याची आहे. हे वाक्य कुणी बोललेलं नाही. कशालातरी वाचायला दिलंय. तिच्या आवाजात."

त्याच्या हातातली तार सुटली.

त्या खोलीतली शांतता साधी नव्हती. ती कानांत बोटं घालायची.

"कंपनीनं मागितलं," तो शेवटी म्हणाला. "माझ्याकडे काकूंचं बोलणं साठवलेलं होतंच. ते यंत्राला ऐकवलं की यंत्र तो आवाज शिकतं. मग आपण टाइप करायचं आणि आवाज बोलतो. मला वाटलं, त्यात काय." त्यानं कपाळ चोळलं. "सगळं जमलं का बघायला मी पहिल्यांदा माझंच नाव टाइप केलं. काकूंनी मला हाक मारली. मागून, खांद्याजवळून. मी सगळी बटणं बंद केली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो."

"आणि तरीही ते वाक्य केलंत?"

"ते मी लिहिलं नाही. डिस्कवाल्यांना पलीकडे आणायचं होतं."

"पलीकडे म्हणजे कुठं?"

"डाउनलोडवर! या गेमच्या डिस्क आता कंपनी काढणार नाही. नवी आवृत्ती फक्त उतरवून घ्यायची. जुन्यांना सवलत, महिनाअखेरीपर्यंत. आणि हे नुसतं लिहून सांगण्यापेक्षा दिवेवालीनंच सांगितलं तर गोड वाटेल, असं कुणालातरी सुचलं." तो थांबला. पणबाईचा चेहरा बघून त्याचा रंग उडाला. "काय झालं? डिस्कवर अजून कोण खेळतंय?"

"तिचा नवरा."

त्यानं तोंडावर हात धरला.

"मेलेली माणसं सवलत देत नाहीत," पणबाई उठत म्हणाली, "हे मला आधीच कळायला हवं होतं. महिनाअखेर म्हणे! ती असती तर म्हणाली असती, महिना सरायच्या आत."

"पण बाई," तो तिच्या मागं दारापर्यंत आला, "त्यांना हे ऐकू कसं आलं? हे वाक्य डिस्कवर नाहीये. डिस्क जन्मात हे बोलणार नाही. यंत्र नेटला जोडलेलं असेल तर कंपनीकडची नवी भर आपोआप येऊन जुन्यावर बसते. पुढं डिस्क नुसती कुलपाची किल्ली. आतलं घर दुसऱ्याचं. म्हणजे त्यांचं यंत्र कुणीतरी जोडलंय."

"हो," पणबाई म्हणाली. "आणि ते कुणी, हे मला परवाच सांगून झालंय. फोनवर."

५

ती पोचली तेव्हा काचेतून तिरपं ऊन येत होतं. दुकानदार धुतलेला सदरा घालून यंत्रासमोर बसले होते. मांडणी आवरलेली, खणांच्या किल्ल्या गल्ल्यावर ओळीनं ठेवलेल्या. लेक बाजूला पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तिच्या मुठीत गोळी होती आणि डोळे सुजलेले. काका दारात, एक पाय बाहेर.

"उशीर केलात," दुकानदार म्हणाले. "मी तुमच्यासाठी थांबलो नसतो."

"माहीत आहे. म्हणून धावत आले." पणबाई स्टुलावर टेकली. श्वास लागला होता. "भावोजी, तुमची वजाबाकी बरोबर होती. डिस्क बदलत नाही. पण ही डिस्क बोलतच नव्हती." आणि तिनं सगळं सांगितलं. ध्वनिमुद्रणाची खोली, टाइप केलेलं वाक्य, सवलत, पलीकडे म्हणजे कुठं.

काकानं दारातूनच कंपनीला एक शिवी हासडली.

दुकानदार हलले नाहीत. "यंत्राला नेट नाहीये माझ्या."

"आहे. कुणी जोडलं ते विचारा." पणबाई लेकीकडे वळली. तिचा आवाज मऊ होता, पण वाट सोडणारा नव्हता. "पोरी, तू मला फोनवर म्हणालीस, मंगळवारी संध्याकाळी बाबा खेळले नाहीत. तू दुसऱ्या गावी. हे फोन उचलत नाहीत. काका दिवे लागल्यावर खाली उतरत नाही. मग तुला कळलं कसं?"

लेकीच्या हातातल्या भांड्यातलं पाणी हिंदकळलं.

"मी..." ती बाबांकडे बघू शकेना. "मागच्या खेपेला तुम्ही अंघोळीला गेला होता तेव्हा. यंत्र वरच्या नेटला जोडलं आणि त्यात तुमच्या नावानं खातं उघडलं. मग माझ्या मोबाईलवर दिसतं, तुम्ही खेळताय का ते. तुमच्या नावापुढं एक हिरवा ठिपका लागतो. बस, तेवढंच. तुम्ही फोन घेत नाही बाबा, घेतलात तर 'बरा आहे, ठेव' म्हणता. मी रोज संध्याकाळी ऑफिसात मोबाईल उघडून बसते. ठिपका लागला की उठते. मंगळवारी लागलाच नाही." तिचा आवाज फुटला. "मला काय माहीत त्या नेटमधून हे आत येईल? बाबा, मीच आत घेतलं ते. तुम्हाला घेऊन जायला मीच दार उघडलं."

 पडद्यावर रान उभं होतं आणि पुलाशी ती पाठमोरी बाई थांबली होती, पलिता हातात, कुणीतरी येईल म्हणून.

"मला ठाऊक होतं," दुकानदार म्हणाले.

पणबाईनं मान वर केली.

"पहिल्याच दिवशी ऐकलं मी. तो ज तिचा नव्हे. इतकी वर्षं तिच्याबरोबर काढली, एवढं कळणार नाही?" ते पडद्याकडेच बघत होते. "मनाला म्हटलं, तिकडे गेल्यावर जीभ जड होत असेल. म्हटलं, मेल्या माणसाला जगण्यातला ज कुठून आठवणार? काहीतरी म्हटलं झालं. आवाज कुणाचा का असेना, कुणीतरी ये म्हणत होतं. वाट पाहतेय म्हणत होतं. तुम्ही लोक यायच्या आधी इथं दारावरची घंटी वाजून किती दिवस झाले होते ते मला विचारा."

पणबाईकडे याला पण नव्हता. 

लेकीनं भांडं गल्ल्यावर ठेवलं आणि ती वडिलांच्या पायाशी फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी. मोबाईल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर त्यांचं नाव होतं. बाबा. पुढं हिरवा ठिपका.

त्यांनी तो कितीतरी वेळ पाहिला. बोटानं पुसून पाहिला, धूळ असावी तसा.

"हे रोज बघतेस?"

"रोज."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर असं होतं," ती म्हणाली आणि स्वतःच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बोट केलं.

दुकानदारांच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, फार दिवस आत कोंडलेला. "म्हणजे वाट पाहणारी इकडेच होती की," ते पुटपुटले. मग जरा सावरून पणबाईला म्हणाले, "हे वरचं बसलेलं काढता येतं का?"

"येतं म्हणाला तो. नेट तोडायचं, नवी भर पुसायची. डिस्कवरचं तेवढं उरेल. छापलेलं."

लेकीनं यंत्राचा कंट्रोलर हातात घेतला, पडद्यावरची एकेक पाटी उघडत खोल गेली आणि एका ओळीशी थांबली. "बाबा, हे तोडलं की मला तुम्ही दिसणार नाही."

"तोड," ते म्हणाले. "मी फोन घेईन. बरा आहे एवढ्यावर नाही ठेवणार. आज काय खाल्लं तेही सांगेन, कंटाळशील."

तिनं बटण दाबलं. पुलावरची बाई क्षणभर थरथरली, पाण्यातल्या सावलीसारखी, आणि रानासकट गेली. काळ्या काचेत चौघांचे चेहरे राहिले. त्याच क्षणी मोबाईलवरचा ठिपका विझला आणि नाव राखाडी पडलं.

लेकीच्या तोंडून नकळत अस्फुट आवाज निघाला. बाबांनी वाकून पाहिलं. राखाडी नावाकडे, मग स्वतःच्या हाताकडे, उलटा पालटा करून.

"गेलो की गं मी!"

काका दारात खो खो हसत सुटला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. लेकीला हसावं की रडावं कळेना, तिनं वडिलांचा गुडघा गच्च धरला. मुठीतली गोळी घामानं चिकट झाली होती.

त्यांनी तिची बोटं एकेक करून उघडली.

"पाणी दे इकडे," ते म्हणाले. "कोरडी कशी गिळू?"